चुकीच्या किल्ल्या

माझ्या नणंदबाई आमच्याकडे आठ दिवसांसाठी राहायला आल्या, त्याला आता पाच महिने होऊन गेले. त्यांच्या इमारतीतल्या पाण्याच्या नळ्या बदलायच्या होत्या. नळ्या तशा आठ दिवसांतच बदलून झाल्या, पण ताई काम बघायला गेल्या आणि ते नापास करून परत आल्या. प्लंबरने पुन्हा केलं, ताईंनी पुन्हा नापास केलं. तिसऱ्या खेपेनंतर तो प्लंबर त्यांचा फोन उचलेनासा झाला, आणि खरं सांगायचं तर मी त्याला मुळीच दोष देत नाही.

ताईंनी एकतीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून नोकरी केली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, यात कसलं आलंय काम? किल्ली घालायची, कुलूप उघडलं की बाजूला ठेवायचं. डुलक्या काढत काढत होईल. आणि मी तसं बोलूनही गेले. ताईंनी मला चष्म्याच्या वरून असं न्याहाळलं की माझाच एखादा स्क्रू ढिला आहे की काय, असं मला वाटायला लागलं.

"बरोबर किल्लीने कुलूप उघडतं की नाही, ते गिऱ्हाईक घरी जाऊन बघतंच," त्या म्हणाल्या. "चुकीच्या किल्लीने उघडत नाही ना, हे बघण्याचा पगार असतो."

त्यांच्या टेबलावर एक मोठं कडं असायचं. त्यात साठ किल्ल्या, साठही चुकीच्या. एकेका कुलपाला त्यातल्या दहा-बारा लावून बघायच्या, हिसडा द्यायचा, उलटं धरून हलवायचं, आणि एवढं करूनही कुलूप गप्प बसलं तरच त्याला पास म्हणायचं. ताईंनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही. पण जे जे आले ते दुसऱ्या-तिसऱ्या किल्लीलाच उघडले असणार, अशी घरात समजूत आहे.

नोकरी संपली, सवय नाही संपली. आमच्याकडे आल्या दिवशी ताईंनी सगळे ड्रॉवर ते बाहेर येऊन पायावर पडेपर्यंत ओढून पाहिले. 'ढकला' लिहिलेलं दार त्या ओढतात आणि 'ओढा' लिहिलेलं ढकलतात. रिमोटमध्ये सेल उलटे घालून बघतात. रस्त्याने जाताना बंद दुकानाचं कुलूप दिसलं की त्याला एक हिसडा देतात, मग दुकानदार समोरच्या टपरीवरून धावत येतो आणि मला त्याची समजूत घालावी लागते. माणसांनाही सुटका नाही. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, नुसतं "सात वाजेपर्यंत येतो" म्हणाला तरी त्या विचारतात, "आणि नाही आलास तर?" तो बिचारा गेली बेचाळीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे.

माझा स्वभाव नेमका उलटा. मी दाताच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसते आणि दिवसातून तीस वेळा "अजिबात दुखत नाही हो" असं हसून सांगते. आतून ओरडण्याचा आवाज आला की रेडिओ मोठा करते. लोकांना बरं वाटावं म्हणून थोडं खोटं बोलण्यात मला कधी गैर वाटलं नाही. ताईंचं आणि माझं किती पटत असेल, ते यावरून ओळखा.

आता आमची लेक. अकरा वर्षांची आहे, घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात, आणि ते कौतुकाने नाही. एका जागी टिकणं हे तिच्या रक्तातच नाही. पोहायला घातलं, नाकात पाणी गेलं, सोडलं. गिटार घेतली, बोटं दुखली, सोडली. बुद्धिबळात पहिल्याच दिवशी एका सहा वर्षांच्या मुलीने हरवलं, तर पट तिथेच ठेवून रडत घरी आली. चित्र काढताना रेघ जरा वाकडी गेली की कागद टराटरा फाडायचा. चूक झाली की संपलं. मला रात्रंदिवस एकच काळजी, या पोरीच्या हातून आयुष्यात एक तरी गोष्ट पुरी होणार आहे का?

पुरी व्हायची ती फक्त एकच गोष्ट, व्हिडिओ गेम. तोंड उघडं टाकून, दोन्ही अंगठे नाचवत ती सोफ्यावर बसली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गंमत म्हणजे तिथे ती दिवसाला पन्नास वेळा मरायची आणि पन्नास वेळा उठून पुन्हा सुरू करायची. हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, पण मला दिसत नव्हतं. मला फक्त न आवरलेलं दप्तर दिसत होतं.

मग आमच्या भागातल्या ग्रंथालयात शनिवारचा वर्ग निघाला. मुलांना संगणकावर स्वतःचा गेम बनवायला शिकवणार, आणि दोन महिन्यांनी एका रविवारी ग्रंथालयातच मुलांच्या गेमची जत्रा भरवणार. ग्रंथालयाच्या बाई मला सांगत होत्या की यातून मुलं विचार करायला शिकतात, चिकाटी येते, गणित पक्कं होतं. मी मान डोलवत होते. माझ्या डोक्यात एवढंच होतं की दर शनिवारी दोन तास घर माझं एकटीचं. मी लगेच नाव नोंदवलं.

तीन शनिवार झाले तरी भिंगरीने वर्ग सोडला नाही, तेव्हा मला शंका यायला लागली. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ती रंगीत ठोकळे एकाखाली एक लावत बसायची. एका ठोकळ्यावर 'जर' आणि दुसऱ्यावर 'तर'. जर भिंत लागली, तर थांब. जर पकडलं, तर एक जीव कमी. जेवताना मला म्हणाली, "आई, जर मी भाजी संपवली नाही, तर काय?" मी म्हटलं, "तर मार खाशील." ती म्हणाली, "तू नेहमी तसं म्हणतेस, पण तो 'तर' तू कधी लावतच नाहीस. म्हणून भाजी उरते." मी निमूटपणे तिच्या ताटातली भाजी माझ्या ताटात घेतली.

चौथ्या आठवड्यात तिने मला गेम दाखवला. एक छोटी मुलगी आहे. तिला झोपायच्या खोलीतून निघून स्वयंपाकघरात जायचं, वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढायचा आणि परत खोलीत यायचं. तीन टप्पे. पहिल्यात कुत्रा, दुसऱ्यात घोरणारा बाबा. तिसऱ्यात एक राक्षसीण घरभर फिरत असते, तिने पकडलं की मेलीस. मी कौतुकाने पुढे वाकून बघितलं. राक्षसिणीच्या अंगावर माझा निळा गाऊन होता. हातात लाटणं होतं. आणि ती माझ्या आवाजात, अगदी माझ्याच आवाजात ओरडत होती, "किती वेळा सांगितलं!"

"हे कधी रेकॉर्ड केलंस?" मी विचारलं.

"कधीही करता येतं," भिंगरी म्हणाली. "तू सारखीच म्हणतेस."

मी आयुष्यात कुणावर लाटणं उगारलेलं नाही, हे मी तिला चांगलं ठणकावून सांगितलं. सांगताना माझ्या हातात लाटणं होतं, पण तो निव्वळ योगायोग. मी नुकतीच स्वयंपाकघरातून आले होते.

ताई बाजूलाच वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी घडी घातली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बघू." नाकात पाणी गेलं म्हणून पोहणं सोडणारी ही पोर, हिच्यापुढे एकतीस वर्षं नापास म्हणणारी ही बाई! मी डोळ्यांनी ताईंना खुणावलं. ताईंना खुणा कळत नाहीत.

बाणाची बटणं दाबायची, एवढं भिंगरीने त्यांना सांगितलं. ताईंनी ती सोडून बाकीची सगळी दाबली. मग दोन बाण एकदम दाबले. कुत्र्यापासून पळायच्या ऐवजी त्या थेट कुत्र्याच्या अंगावर गेल्या आणि मेल्या. पुन्हा सुरू केलं, भिंतीला जाऊन भिडल्या आणि भिंतीलाच धक्के देत राहिल्या. पाचव्या धक्क्याला मुलगी भिंतीतून पलीकडे गेली, घराच्या बाहेर, पांढऱ्या शून्यात.

"अगं आत्या, पण तिकडे कुणी जातच नाही!" भिंगरी ओरडली.

"मी गेले ना," ताई म्हणाल्या. त्यांनी एका वहीचं पान उघडून तारीख टाकली आणि लिहिलं: एक, भिंत मऊ आहे.

भिंगरीचा खालचा ओठ पुढे आला. तो ओठ मी चांगला ओळखते, त्याच्यानंतर दार आपटतं. दार आपटलं. संपला हाही छंद, मी मनात म्हटलं आणि ताईंना मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण अर्ध्या तासाने दार उघडलं. भिंगरी बाहेर आली आणि आत्यापुढे लॅपटॉप आदळून म्हणाली, "आता घाल बघू डोकं!" ताईंनी भिंतीला चाळीस धक्के दिले. भिंत हलली नाही. ताईंनी वहीत 'एक'च्या पुढे बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "हं. आता कुत्रा."

तिथून रोज संध्याकाळी हे सुरू झालं. ताई खेळायच्या, मरायच्या, लिहायच्या. भिंगरी भांडायची, रागवायची, दुरुस्त करायची. ती वही मी चोरून वाचायचे, कारण तिच्यात बराचसा मजकूर माझ्याविषयीच होता. 'आई कपाटातून आरपार जाते.' 'आई एकाच कोपऱ्यात गरगर फिरते.' 'मुलगी उलटी चालत गेली तर आईला दिसत नाही.' 'आई फार सावकाश चालते. प्रत्यक्षात पुष्कळ जोरात.' एका दोषासमोर भिंगरीने लाल पेनाने उत्तर लिहिलं होतं. दोष होता: 'आई तेच तेच वाक्य बोलते.' उत्तर होतं: 'हा दोष नाही, आई अशीच आहे.'

हसू येत होतं, पण मी बघत होते. जी पोर वाकड्या रेघेपायी कागद फाडायची ती "आत्या, आज किती निघाले?" असं उत्सुकतेने विचारायची. गणिताच्या पुस्तकातल्या उणे संख्यांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. आता कुत्रा डावीकडे न्यायचा तर उणे पाच, हे ती मलाच शिकवत होती. एकदा बापलेकीत जोरदार वाद झाला. गेममधल्या मुलीला जीव किती द्यावेत? बाबा म्हणाला, दहा दे. भिंगरी म्हणाली, दहा दिले तर कुणी घाबरणारच नाही, मग मजा काय? आणि एकच दिला तर तो अन्याय आहे, कारण पहिल्यांदा कुणाला काहीच माहीत नसतं. खूप विचार करून तिने तीन दिले. न्यायाधीशसुद्धा इतका विचार करत असतील की नाही, कोण जाणे.

जत्रा आठवड्यावर आली आणि अडचण उभी राहिली. तिसऱ्या टप्प्यात डबा काढून मुलगी परत निघाली की स्वयंपाकघराच्या दारात अडकायची. मरतही नव्हती, जिंकतही नव्हती. नुसती उभी. आणि तेही कधीकधीच, हे सगळ्यात वाईट. भिंगरीने सोमवारी सगळे ठोकळे बदलून पाहिले. मंगळवारी ग्रंथालयाच्या बाईंना विचारलं, त्यांनाही कळेना. बुधवारी ताई एकोणीस वेळा अडकल्या आणि एकोणीस वेळा त्यांनी ते वहीत लिहिलं. विसाव्या वेळी भिंगरीने लॅपटॉप मिटला.

"मला नाही जायचं रविवारी," ती म्हणाली. "मला गेम बनवायलाच आवडत नाही."

हेच वाक्य. पोहण्याच्या वेळी हेच, गिटारच्या वेळी हेच. या वेळी ती इतकी जवळ आली होती! यातून उठली तर पुढेही उठेल. हे सोडलं तर सोडण्याची सवय हाडात मुरेल, असं मला अगदी आतून वाटत होतं.

गुरुवारी दुपारी भिंगरी शाळेत असताना मी ताईंना स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, आज एवढं करा," मी म्हटलं. "आली की खेळा आणि म्हणा, सुटलं. पास. कुणाला कळणार आहे? जत्रेत लोक दोन मिनिटं खेळतील आणि पुढे जातील. कधीकधीच तर अडकतं."

"अडकतं ते अडकतं," ताई म्हणाल्या.

"पोर सोडून देईल हो! तुमच्या वहीपेक्षा पोर मोठी नाही का?"

हे बोलायला नको होतं. ताईंनी हातातला कप धुतला, उपडा घातला, सरळ केला, पुन्हा उपडा घातला. मग "बरं" म्हणाल्या. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

भिंगरी आली, खाऊन झालं. ताई म्हणाल्या, "काढ तुझं ते." लॅपटॉप त्यांनी मांडीवर घेतला. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा. बाणाच्या बटणांशिवाय कशालाही हात लावला नाही. कुत्र्यापासून पळाल्या, बाबाला वळसा घातला, डबा काढला, आणि नशिबाने दारात अडकल्या नाहीत. पडद्यावर चांदण्या उडाल्या. ताईंनी वही उघडली, पानाच्या तळाशी 'पास' लिहिलं आणि खाली सही केली. मी टाळ्या वाजवल्या. दाताच्या दवाखान्यात हसते तितक्याच खऱ्या.

भिंगरी हसली नाही. ती वहीकडे बघत होती.

"दुसऱ्या टप्प्यात वाटेतलं एक बिस्कीट घेतल्यावर किती गुण मिळाले?" तिने विचारलं.

"पाच," ताई म्हणाल्या. "पाचच असतात ना?"

"पन्नास मिळाले. मी काल रात्री लॅपटॉप पुन्हा उघडून मुद्दाम चूक करून ठेवली होती. आणि कुत्र्याला तीन डोळे केले होते. तू बघतेस की नाही, ते बघायला."

तपासनिसाची तपासणी! ताईंचा चेहरा पडला. मी घाईघाईने म्हटलं, "अगं, पाच काय आणि पन्नास काय, आत्याला आवडला ना गेम!"

"ती खेळलीच नाही!" भिंगरी ओरडली. तिचे डोळे भरून आले. "तिने एकही चुकीचं बटण दाबलं नाही! आत्या, तू मला लिंबूटिंबू केलंस!"

लिंबूटिंबू! पकडापकडीत लहानग्याला आपण घेतो ना, तो. त्याने धावावं, ओरडावं, कुणालाही शिवावं, पण त्याच्यावर राज्य कधी येत नाही. मोठी मुलं "हो हो, शिवलास बरं" म्हणतात आणि खेळ त्याच्या डोक्यावरून चालू राहतो. ते लहानग्याला जोवर कळत नाही तोवर तो खुशीत असतो. कळलं की त्या दिवशी घरी येऊन तो ढसाढसा रडतो. आमची भिंगरी तशी रडली.

मी सांगून टाकलं. "आत्याचं नाही गं चुकलं, मी सांगितलं तिला तसं." मला वाटलं आता ती माझ्यावर उसळेल. पण ताईच मध्ये बोलल्या.

"हिने सांगितलं, पण केलं मी," त्या म्हणाल्या. "आणि हे दुसऱ्यांदा केलं. आई दवाखान्यात होती त्या दिवशी मला लवकर निघायचं होतं. एक ट्रे उरला होता, चाळीस कुलपांचा. मी एकालाही किल्ली न लावता चाळीसांवर शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर ट्रे गेलेला. कुठे गेली ती कुलपं, कुणाच्या दाराला लागली, काही पत्ता नाही. बावीस वर्षं झाली. दिसेल ते कुलूप ओढून बघते."

मला रस्त्यावरचे ते सगळे दुकानदार आठवले, आणि ताईंची मी केलेली थट्टाही. लाज वाटली. त्यांच्या नापास म्हणण्याला मी खडूसपणा समजत होते. ज्याला नापास करायचं त्याला आधी पुरतं बघावं लागतं, आणि माझ्या पोरीला असं पुरतं बघणारी या घरात ती एकटीच बाई होती.

भिंगरीने नाक बाहीला पुसलं. "मग आता त्या 'पास'वर काट मार," ती म्हणाली.

ताईंनी काट मारली. मग विचारलं, "अडकतं तेव्हा दरवेळी डबा हातात असतो?"

"हो. डबा नसला की येते सरळ बाहेर."

"मग ऊठ. डबा घे आणि चालून दाखव."

त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते सांगायला मला संकोच वाटतो. भिंगरीने खरोखरीचा बिस्किटांचा डबा दोन्ही हातांत धरला. ताई स्वयंपाकघराच्या दाराशी वही घेऊन बसल्या. आणि मला हुकूम झाला, निळा गाऊन घालून, लाटणं घेऊन मागून यायचं. मी म्हटलं, माझी काय गरज? तर म्हणे, जसं आहे तसंच तपासायचं असतं. भर संध्याकाळी मी लेकीच्या मागे "किती वेळा सांगितलं!" ओरडत घरभर धावले. दोनदा मला परत पाठवलं, कारण ओरडण्यात जोर नव्हता. तिसऱ्या वेळी नवरा कामावरून आला. त्याने दार उघडलं, गाऊनमधली मी पाहिली, लाटणं पाहिलं, वहीत लिहिणारी बहीण पाहिली, आणि एक अक्षर न बोलता पाय काढता घेतला. एक तासाने फोन करून विचारलं, "आता येऊ का?"

सहाव्या फेरीला भिंगरी जोरात वळली आणि तिचं कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं. "आई गं!" म्हणून ती खाली बसली. मग कोपर तसंच धरून ताडकन उठली. "आत्या! डबा घेतल्यावर ती रुंद होते! चित्रात तिचे हात बाहेर येतात! मधोमध आली तर मावते, कडेने आली तर चौकटीत अडकते! म्हणून कधीकधीच!"

तिने डबा धरलेलं चित्र कडेने कापून अरुंद केलं. ताईंनी दारातून एकशे चार वेळा ये-जा केली. डावीकडून, उजवीकडून, उलटं, मध्येच थांबून, सगळी बटणं दाबून. नवरा आला, जेवणं झाली, तरी चालूच. शेवटी त्यांनी 'पास' लिहिलं, आणि या वेळी भिंगरीने ती वही उशाशी घेतली.

रविवारी ग्रंथालयाच्या वाचनखोलीत टेबलं मांडून दहा-बारा लॅपटॉप ठेवले होते. आमच्या टेबलाशी बरीच गर्दी झाली. लोक राक्षसिणीकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि तोंडावर रुमाल धरायचे. ग्रंथालयाच्या बाई तर मला पाहून "अगदी हुबेहूब हो!" असं म्हणाल्या. मी गोड हसत उभी होते. भिंगरी इतकी ताठ उभी होती की मला तिची उंची वाढल्यासारखी वाटली.

मग एक चार वर्षांची मुलगी आली. एका हाताची बोटं तोंडात, दुसरा हात चिकट. तिने बाण-बिण काही पाहिलं नाही. चिकट हाताचा आख्खा तळवा बटणांवर ठेवला आणि त्यावर आपलं सगळं वजन टाकलं. पडद्यावर काहीतरी हललं. गेममधली मुलगी जागच्या जागी राहिली, पण राक्षसीण तिरकी झाली, हळूहळू वर उचलली गेली, छपरातून बाहेर पडली आणि निळ्या गाऊनसकट आकाशात निघून गेली. वरून कुठूनतरी आवाज येत राहिला, "किती वेळा सांगितलं! किती वेळा सांगितलं!" मग सगळंच थिजलं.

जमलेले लोक पोट धरून हसले. सगळ्यांच्या देखत, नेमक्या त्याच दिवशी! मी भिंगरीकडे पाहिलं. खालचा ओठ पुढे आला होता. ताई खुर्चीवरून अर्धवट उठल्या, मी त्यांचा हात गच्च धरला. किंवा त्यांनी माझा धरला असेल.

त्या मुलीची आई ओशाळून गेली. "अगं बाई, बिघडवलं वाटतं हिने! चल गं, चल घरी," म्हणत तिने मुलीला उचलायला हात घातला.

"काकू, थांबा, तिला नेऊ नका," भिंगरी म्हणाली. ओठ अजून थरथरत होता. ती खाली गुडघ्यांवर बसली, त्या पोरीचा चिकट हात हातात घेऊन पुन्हा बटणांवर ठेवला आणि म्हणाली, "कसं केलंस गं? परत करून दाखव ना."